अकरा चिठ्ठ्या

रात्रीची जेवणं होऊ द्या. भांडी घासून पालथी पडू द्या. घरात कोणी लवकर झोपत असेल तर मोठा दिवा मालवा, लहान ठेवा, आणि जमिनीवर मांडी घालून बसा. टेबल-खुर्ची नको. चिठ्ठ्या मांडायच्या आहेत, आणि त्या जमिनीवरच नीट दिसतात. निवडायला ताटात पसरलेल्या तांदळासारख्या, वरून.

एक पाठकोरा कागद घ्या. त्याच्या अकरा पट्ट्या करा. कात्री नको, घडीवर नख फिरवून फाडा. वेळ लागेल तो लागू द्या. प्रत्येक पट्टीवर एक नाव लिहा. सचिन, धोनी, रोहित लिहू नका. त्यांचा क्रम लावायला पगारी माणसं आहेत. तुमच्या घरातली, गल्लीतली, कामावरची माणसं लिहा. हयात नसलेलं कोणी आठवलं तर तेही चालेल. एक नाव लिहून झालं की लगेच पुढच्याकडे वळू नका. शाई वाळेपर्यंत तो चेहरा समोर राहू द्या.

मी हे सुरतेत, लिंबायतमध्ये बसून करतोय. दोन गल्ल्या पलीकडे साचे चालू आहेत. पॉवरलूमला इथे साचा म्हणतात, आणि साचे जिथे चालतात त्या जागेला खातं. रात्रपाळी सुरू होऊन तीनेक तास झालेत. जवळ जाऊन ऐकलं तर एकेका साच्याचा ठोका वेगळा कळतो. इतक्या अंतरावरून सगळे ठोके एकमेकांत मिसळतात आणि एकच घरघर उरते. आमच्याकडची पोरं त्या घरघरीवरच झोपतात. साचे बंद पडले तर त्यांना जाग येते.

तुमच्याकडेही रात्रीचा काही ना काही आवाज असेल. पंखा, रेल्वे, कुत्री, शेजारचा टीव्ही. थोडा वेळ तो ऐका. चिठ्ठ्या आहेत तशाच असू द्या.

खेळ तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या बाकावर बसून खेळलेला आहात. पुस्तक उघडायचं, डाव्या पानाचा आकडा बघायचा, त्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा. दोन आले तर दोन, चार आले तर चौकार, सहा आले तर षटकार, आणि शून्य आलं की आऊट. आठाचा नियम गल्लीगल्लीत वेगळा. आमच्याकडे आठाला एक धाव. पुस्तक गांधीनगरहून छापून येणारं, मराठी माध्यमाचं. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा कितीतरी माध्यमांच्या आहेत, तशा मराठीच्याही. त्या पुस्तकातल्या कविता आम्ही किती पाठ केल्या ते गुरुजींना ठाऊक, पण पान 66 नेमकं कुठे उघडतं ते आमच्या अंगठ्यांना पाठ होतं. पुस्तकाचा कणा एकदा एका जागी मोडला की ते आपणहून तिथेच उघडतं. म्हणून महत्त्वाच्या सामन्याला कोणाचं तरी नवं, कव्हर घातलेलं पुस्तक मागून आणावं लागे.

अमेरिकेतल्या पोरांनी बेसबॉल असाच घरात आणला, फाशांवर. 1961 मध्ये हॅल रिचमन या माणसाने ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नावाचा खेळ बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्याच्या खऱ्या कामगिरीवरून बेतलेल्या शक्यता त्या कार्डावर छापलेल्या, आणि तीन फासे. पुढे हे सगळं संगणकात गेलं. जॅक केरुआक हा कादंबरीकार तर पोरवयात स्वतःच संघ रचून, स्वतःच खेळाडूंना नावं देऊन, पत्त्यांवर एकट्याने बेसबॉल खेळायचा, आणि मोठा झाल्यावरही त्याने तो सोडला नाही. अशा खेळात फासे टाकायला क्षणभर लागतो. माणूस रमतो ते त्याच्या आधी, नऊ नावं वरखाली करताना.

आमच्या पुस्तकी क्रिकेटमध्ये मात्र कार्डं नव्हती. पान सगळ्यांना सारखंच उघडायचं. आज रात्री हा हिशेब सावकाश करून बघा. डाव्या पानाचा शेवटचा अंक पाचांपैकी एक: शून्य, दोन, चार, सहा, आठ. पाचात एकदा आऊट. म्हणजे आऊट होण्याआधी सरासरी चार वेळा धावा मिळणार, दर वेळी सरासरी सव्वातीन. चार गुणिले सव्वातीन, तेरा. सलामीचा असो की अकरावा, प्रत्येकाची पात्रता तेरा धावांची. दहा गडी बाद होईतो संघाच्या एकशे तीस. चिठ्ठ्या कशाही लावा, उलट्या, सुलट्या, डोळे मिटून, एकशे तीस ते एकशे तीसच.

खऱ्या बेसबॉलमध्येही प्रकार फार निराळा नाही. संगणकावर असंख्य डाव खेळवून पाहणाऱ्या अभ्यासकांच्या हाती आलं ते एवढंच: 162 सामन्यांच्या अख्ख्या हंगामात उत्तम क्रम आणि रोजचा साधासुधा क्रम यांत फरक पडतो तो एखाद-दोन विजयांचा. आणि त्यावर तिकडचे लोक वर्षभर भांडतात.

मग दुपारच्या सुट्टीतली आमची दहा मिनिटं क्रम लावण्यात का जायची? ‘तू तिसरा नको, तू पाचवा’ म्हटल्यावर एकाच्या डोळ्यांत पाणी का आलं होतं?

इथे थांबा. उत्तर द्यायची घाई नाही. समोरच्या अकरा नावांवरून एकदा नजर फिरवा. अजून ती कशीही पडलेली आहेत.

एक गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली. बेरीज बदलत नसे, पण सुट्टी संपायची. आठवा-नववा खेळत असताना घंटा व्हायची. दहाव्याच्या वाट्याला एखादं पान येई. अकराव्याच्या वाट्याला कधीच काही आलं नाही. त्याची पात्रताही तेराचीच होती, कागदावर.

आता एक चिठ्ठी उचला. पहिला कोण जाणार?

हातात धरा. नवा चेंडू आठवा: कडक, चकचकीत, शिवण उभी. तो हवेत वळतो, टप्पा पडल्यावर कुठे जाईल याचा नेम नसतो. सलामीला जाणाऱ्याला खेळपट्टी कशी आहे हे सांगणारं कोणी नसतं. तोच इतरांना सांगतो, परत येताना, बॅट काखेत मारून. पुष्कळदा त्याच्या नावावर धावा थोड्या असतात. तासभर उभा राहिला, चेंडू जुना केला, एवढंच. तुमच्या अकरांत असं कोण आहे?

माझी पहिली चिठ्ठी जिभाऊंची. खानदेशात भावांच्या हाकाच क्रमाने ठरलेल्या असतात: थोरला जिभाऊ, मग बापू, आबा, नाना, अप्पा, तात्या. घराघरात थोडं इकडेतिकडे होतं, पण हाक ऐकली की कितवा ते कळतं. न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाने 1929 मध्ये खेळाडूंच्या पाठीवर आकडे शिवले, तेही फलंदाजीच्या क्रमाने. तिसरा येणारा बेब रूथ, त्याच्या पाठीवर 3. चौथा लू गेहरिग, त्याच्या पाठीवर 4. खानदेशने हे आकडे जन्मापासूनच हाकेत शिवून ठेवलेत.

जिभाऊ आले ते 1972 च्या दुष्काळाच्या पाठोपाठ. वय अठरा. तापीकाठच्या लाईनीने, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली, उधना. आमच्या घरात ही स्टेशनं आरतीसारखी पाठ असतात. नवापूरला स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. एकाच बाकाच्या दोन टोकांना दोन राज्यं. गाडी तिथून सुटली तेव्हा जिभाऊंना गुजरातीचा एक शब्द येत नव्हता. उधन्याला उतरून ते ज्या खोलीत गेले तिथे दहा-बारा जण राहायचे. दिवसपाळीचे उठून गेले की त्याच सतरंज्यांवर रात्रपाळीचे येऊन आडवे व्हायचे. सतरंजी म्हणे कधी गार पडत नसे. बारा तासांची पाळी. साच्यांच्या मधल्या बोळीतून येरझारा, तुटलेली तार जोडायची, पुढच्या साच्याकडे जायचं, तिथली जोडायची, परत मागे. कोणता शेठ मीटरचा हिशेब सरळ करतो, कोणता कापडात डाग काढून पैसे कापतो, कोणता घरमालक खानदेशी पोरांना खोली देतो, पावसाळ्यात मीठी खाडी भरली की पाणी कोणत्या गल्लीपर्यंत चढतं, हे सगळं त्यांनी अंगावर घेऊन शोधलं. मग बापू आले. मग आबा, म्हणजे माझे वडील. नाना आले तेव्हा त्यांना स्टेशनवर घ्यायला तिघं उभे होते, खोली ठरलेली होती आणि कामही. चेंडू जुना झाला होता. नानांनी फटकेबाजी केली. आज रिंग रोडच्या मार्केटात त्यांचं साड्यांचं दुकान आहे. घरात कोणाला विचारा सगळ्यात जास्त धावा कोणाच्या, तर नाव नानांचंच येईल, आणि ते खोटंही नाही.

एक लांबचा सामना आठवतो. 1 जानेवारी 1937 ला मेलबर्नमध्ये सुरू झालेली कसोटी. ऑस्ट्रेलियाने इंग्लंडकडून आधीच्या दोन्ही कसोट्या गमावल्या होत्या. कर्णधार डॉन ब्रॅडमन. मधेच पाऊस आला. त्या काळी सामना सुरू झाल्यावर खेळपट्टी झाकत नसत. चिखलट खेळपट्टीवर चेंडू असा काही उडू लागला की इंग्लंडने 76 धावांत नऊ गडी गमावून डाव मुद्दाम सोडला, ऑस्ट्रेलियाला त्याच चिखलात उतरवायला. दिवस संपायला थोडाच वेळ होता. ब्रॅडमनने क्रम उलटा केला. सलामीला पाठवले ओ’रायली आणि फ्लीटवुड-स्मिथ. दोघेही गोलंदाज, दोघांनाही बॅटिंग यथातथाच. फ्लीटवुड-स्मिथ तर अकराव्या नंबरचा माणूस. ओ’रायली पहिल्याच चेंडूवर गेला. फ्लीटवुड-स्मिथ त्या संध्याकाळी टिकून राहिला, शून्यावर नाबाद. दुसरा दिवस रविवार, सुट्टीचा. सोमवारी सकाळी तो बाद झाला, शून्यावरच. तोवर खेळपट्टी वाळत आली होती. पाच गडी 97 वर गेल्यानंतर सातव्या नंबरचा ब्रॅडमन आणि सहावा फिंगलटन यांची जोडी जमली. 346 धावांची भागीदारी, त्यात ब्रॅडमनच्या 270. ऑस्ट्रेलियाने तो सामना जिंकला, पुढचे दोनही जिंकले, मालिका 3-2.

धावफलक अजून उपलब्ध आहे. फ्लीटवुड-स्मिथसमोर शून्य आहे.

त्या शून्यापाशी थोडं बसा. तुमच्या पहिल्या चिठ्ठीकडे बघा. तिच्यावरच्या माणसाला कोणी कधी विचारलं होतं का, की तू आधी जाशील का? जिभाऊंना मी विचारलं होतं एकदा. साच्यांनी त्यांचे कान नेलेत, त्यामुळे प्रश्न ओरडून विचारावा लागला, आणि ओरडून विचारलेला असला प्रश्न फार वेडगळ वाटतो. त्यांनी ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, ‘चहा ठेव ना भो.’

दुसरी चिठ्ठी तुम्हीच लावा. पहिल्याच्या समोरच्या टोकाला कोण उभं राहिलं, हे आपसूक सुचतं.

तिसऱ्यापाशी मात्र रेंगाळा. तिसऱ्याचं काम विचित्र. पहिल्या चेंडूवर विकेट पडली तर तो जवळजवळ सलामीचाच; सलामीची जोडी दिवसभर टिकली तर तो दिवसभर पॅड बांधून बसलेला. जानेवारी 1956 मध्ये मद्रासला विनू मंकड आणि पंकज रॉय यांनी न्यूझीलंडविरुद्ध सलामीला 413 धावा जोडल्या, तेव्हा तंबूत पॅड बांधून बसलेल्या माणसाची मला नेहमी काळजी वाटते. जेवला तरी असेल का नीट? अजित वाडेकर याच जागेवर खेळत. या जागेला वाट बघणारा आणि तरीही केव्हाही उठायची तयारी असलेला माणूस लागतो.

मी तिथे मोठ्या मायची चिठ्ठी ठेवली आहे, जिभाऊंच्या बायकोची. लग्नानंतर ती चार वर्षं गावीच होती. जिभाऊंचं पत्र आलं की बोचकं बांधायचं, दुसरं पत्र आलं की सोडायचं: खोली मिळाली, खोली गेली. शेवटी आली तेव्हा आल्या दिवसापासून कामाला लागली. मार्केटातून साड्यांचे गठ्ठे येत. धागे कापायचे, लेस लावायची, टिकल्या चिकटवायच्या, घडी घालून परत पाठवायच्या. नगावर पैसे. लिंबायतच्या ओट्यांवर अजूनही दुपारी हेच चाललेलं दिसेल. तिचे नग कोणी मोजले नाहीत, म्हणजे मार्केटवाल्याने मोजले, घरात कोणी मोजले नाहीत.

चौथी, पाचवी, सहावी. इथे हात भराभर चालतो, चालू द्या. आबा, नाना, शेजारचा उडिया कारागीर, शाळेतले एक गुरुजी. मधली फळी म्हणजे घर भरल्यासारखं वाटतं.

आता मोजा. तुमची स्वतःची चिठ्ठी आहे का त्यांत?

कित्येकांची नसते. माझी पहिल्यांदा नव्हती, अकरा दुसऱ्यांनीच भरले होते. मग एक काढून मला घालावी लागली, आणि कोणाची काढली ते मी सांगणार नाही. तुमची असेल तर ती कुठे ठेवलीत ते बघा. बहुधा पाचवी-सहावी. चेंडू जुना झालेला, क्षेत्ररक्षक दमलेले, आणि अजून खेळायला भरपूर वेळ. यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही. ब्रॅडमनही सातवा गेला होता. फक्त चिठ्ठी उचलून एकदा पहिल्या जागी ठेवून बघा. मग अकराव्या. प्रत्येक जागी दोन-तीन श्वास राहू द्या. पोटात कुठे काय होतं ते बघा, आणि मग हवी तिथे ठेवा.

क्रिकेटमध्ये हे चालतं. नाणेफेकीआधी अकरा नावं द्यायची असतात, क्रम द्यायचा नसतो. कर्णधार मनात येईल तेव्हा कोणालाही पाठवू शकतो. बेसबॉलमध्ये तसं नाही. तिथे क्रम कार्डावर लिहून पंचाच्या हाती द्यावा लागतो, आणि चुकीचा माणूस चुकीच्या वेळी खेळून गेला व समोरच्यांनी ते वेळेत दाखवून दिलं, तर आऊट. आपल्याकडची मोकळीक इतकी की मंकड कसोटी क्रिकेटमध्ये पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर खेळले. रवी शास्त्री 1981 मध्ये वेलिंग्टनला पहिली कसोटी खेळले तेव्हा दहावे आले होते. 1992 मध्ये सिडनीला सलामीला जाऊन त्यांनी 206 केल्या.

सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लिन संपलेलं, स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही. लाखो लोक शहर सोडून गेले. आमच्या खोलीत त्या रात्री क्रम लागला. मला तो अजून पाठ आहे: आधी आम्ही पोरं आणि आई, मग मोठी माय, मग नाना, कारण त्यांचं नवीन लग्न झालेलं, मग आबा आणि बापू एकदम. जिभाऊ शेवटी. खोलीला कुलूप लावून जाता आलं असतं. पण शेठकडे तिघांचा पगार अडकलेला होता आणि कोणीतरी थांबायला हवं होतं. सगळ्यात आधी आलेला माणूस सगळ्यात शेवटी निघाला. आठव्या दिवशी गावच्या स्टेशनवर उतरला, तिघांचा पगार बनियनच्या आतल्या खिशात. मंकडांचं नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं.

चिठ्ठ्यांना हात लावू नका थोडा वेळ. साच्यांचा आवाज ऐकू येतोय का बघा. म्हणजे माझ्याकडचा. तुमच्याकडचा पंखा.

बेसबॉलची एक गोष्ट मला फार आवडते, आणि ती कळायला मला उशीर लागला. क्रिकेटमध्ये धाव म्हणजे इकडून तिकडे जाणं. बेसबॉलमध्ये माणूस जिथून निघतो त्या जागेला घर म्हणतात. चेंडू मारून तो निघतो, पहिला टप्पा, दुसरा, तिसरा, प्रत्येक ठिकाणी थांबून पुढच्या माणसाच्या फटक्याची वाट बघतो, आणि फिरून घरी पोचला तरच धाव लिहितात. तिसऱ्या टप्प्यावर कितीही वेळ उभा राहिला, पण डाव संपला, तर काही नाही. म्हणून तिथे पहिला असा निवडायची रीत आहे जो कसाही करून बाहेर पडेल, आणि चौथा असा जो पुढे गेलेल्यांना घरी आणेल. शिवाय क्रम संपत नाही. नववा झाला की परत पहिला. आऊट झालेला माणूस दोन-तीन डावांनी पुन्हा बॅट घेऊन येतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उधन्याहून सुटणाऱ्या गाड्या बघा एकदा. झोका, सांजोऱ्या, माहेरी आलेल्या लेकी, या सगळ्यासाठी लिंबायत अर्धं रिकामं होतं. दारात पोचलेल्याची धाव लिहिली जाते. बापूंनी गावी घर बांधायला काढलं, तीन वेळा विटा टाकल्या, आणि तिसऱ्या टप्प्यावरच गेले. त्यांची चिठ्ठी माझ्याकडे दुसरी आहे.

शेवटची चिठ्ठी उरली असेल.

ती कोणाची, हे तुम्ही ठरवलं नव्हतं, ती उरली. उरलेल्याकडे बघायला शिका, असं कोणी सांगितलं तर मला राग येतो, म्हणून मी तसं सांगत नाही. फक्त वाचा नाव. माझ्याकडे आई उरली. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मला ठेव शेवटी, तुमचं सगळ्यांचं होऊ दे. जेवायलाही तिचं तेच असायचं. पातेल्यात काय उरलंय ते झाकण उघडून एकटीनेच बघायची. अकराव्याला एक सोय असते, तो पुष्कळदा नाबाद राहतो. समोरचा बाद होतो आणि हा बॅट घेऊन परत, एकही चेंडू न खेळता. आईच्या बाबतीत मी एवढंच केलं की चिठ्ठी उचलली आणि चौथी ठेवली. मग वाटलं, आयुष्यभर तिला कोणी ना कोणी उचलूनच ठेवत आलंय. परत अकरावी ठेवली. मग परत चौथी. त्यात बराच वेळ गेला. तुमचाही जाईल, जाऊ द्या.

गल्लीत क्रम लावायची आणखी एक रीत होती. मातीवर रेघा ओढायच्या, प्रत्येकीखाली आकडा, आकड्यांवर बॅट आडवी ठेवून झाकायचे, आणि ज्याने त्याने एकेका रेघेवर बोट ठेवायचं. आकडे लिहिणारा शेवटी बोट ठेवणार. याहून न्याय्य पद्धत मला अजून कुठे दिसलेली नाही, सरकारी सोडतीतही. अर्थात ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हा कायदा तिच्याही वर होता.

आणि सगळ्या रेघांच्या बाहेर एक जण असायचा. कच्चा लिंबू. चार-पाच वर्षांचा, कोणाचा तरी धाकटा भाऊ, ज्याला घरी ठेवता येत नाही म्हणून सोबत आणलेला. त्याला बॅटिंग मिळायची, पण तो आऊट झाला तरी आऊट नाही, धावा केल्या तरी संघाच्या खात्यात नाहीत. त्याला नंबर नसायचा. केव्हाही यायचा.

म्हणून एक बारावी पट्टी फाडा. कोरीच ठेवा. ती क्रमात लावू नका, बाजूला असू द्या.

आज संध्याकाळी जिभाऊ आमच्या गल्लीत उभे होते. सत्तरी ओलांडलीये. पोरांचा प्लास्टिकच्या चेंडूचा सामना चालू होता, भिंतीवर विटेच्या तुकड्याने ओढलेल्या तीन रेघा म्हणजे स्टंप. चेंडू त्यांच्या पायाशी आला, त्यांनी परत टाकला आणि हात पुढे केला. नानांच्या नातवाने बॅट दिली. पहिलाच चेंडू रेघेवर. टप्प टप्प करत ते तिथेच उभे, बॅट टेकवून, जणू काही झालंच नाही. आवाज त्यांना ऐकू आला नसेलही. दुसरा चेंडू हुकला, तिसरा पुन्हा रेघेवर. नवीन आलेला एक पोरगा ओरडला, ‘आऊट! दोनदा आऊट!’ तेव्हा गोलंदाजी करणाऱ्या पोरीने चेंडू फ्रॉकला पुसला, मागे जात त्याला म्हणाली, ‘राहू दे रे, कच्चा लिंबू आहेत ते,’ आणि चौथा चेंडू जरा हळू टाकला.

त्या कोऱ्या पट्टीवर मी आत्ता जिभाऊ लिहितोय. पहिल्या जागेवरची चिठ्ठीही तशीच राहू दे.

आता पुस्तक घ्या. नवं असेल तर बरं. मधे कुठेतरी अंगठा घाला आणि उघडा. डावं पान.